नकाशावरची पहिली पत्रिका

तीस वर्षं मी लग्नाच्या पत्रिका छापतोय. दुकान नाशिकला, रविवार कारंजाजवळच्या बोळात. पूर्वी लोक पाचशे पत्रिका छापून घ्यायचे. आता पन्नास घेतात, त्याही देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरी द्यायला. बाकीच्यांना मोबाईलवर काहीतरी हलतं-नाचतं पाठवतात. आधी मी त्यावर भरपूर नाक मुरडलं. मग माझीच गिऱ्हाइकं दुसऱ्याकडून ते करून आणून मलाच कौतुकाने दाखवायला लागली, तेव्हा मुकाट्याने शिकलो.

त्यातला हलता नकाशा मात्र मला मनापासून आवडला. नकाशावर एक रेघ वळणं घेत सरकते, तिच्या टोकाला बोटभर बस पळते, वाटेतल्या गावांची नावं उमटत जातात आणि शेवटी कार्यालयाच्या जागी नवरा-नवरी प्रकट होतात. बस, देऊळ, नवरा-नवरी ही सगळी मोबाईलमधलीच चित्रं, इमोजी. छापखान्यात गणपतीचा ठसा शोधायला अर्धा दिवस घालवलेल्या माणसाला ही चैनच.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी बहिणीला म्हणालो, "नकाशा माझ्याकडून. बघच तू."

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ओझरला राहते. मेहुणे तिथल्या विमानांच्या कारखान्यात होते. भाची पाचवीत असताना गेले. बहिणीने एकटीने मुलगी वाढवली, शिकवली आणि कुणापुढे कधी रडगाणं गायलं नाही. पण एक गोष्ट तिने मनात धरून ठेवली होती, आणि ती आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. तिच्या स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळला होता. वऱ्हाडाची गाडी रस्त्यात बंद पडली आणि अक्षता दोन तास उशिरा पडल्या. मेहुणे गेले तेव्हा कुठल्याशा शहाण्या बाईने ते बोलून दाखवलं. बहीण तिला काही बोलली नाही. भाचीच्या लग्नात मात्र तिने एकच अट घातली. जेवणात काही कमी पडलं तर पडू दे, बँड नसला तरी चालेल. बारा पस्तीसचा मुहूर्त चुकता कामा नये. आपल्याकडे मुहूर्तावर लागणारं लग्न म्हणजे उंबराचं फूल. पण तिच्यापुढे हा विनोद करायची माझी हिंमत झाली नाही.

नवरदेव नामपूरचा. कांद्याच्या व्यापारातलं भलं घर. सगळं वऱ्हाड एका बसने येणार, नवरदेवही त्यातच. गाड्यांचा ताफा त्याला नको होता. लग्न ओझरजवळच्या एका लॉन्सवर. म्हणजे देवळा, चांदवड, पिंपळगाव करत सरळ महामार्गाने यायचं. एवढ्या रस्त्याला नकाशा लागतो कशाला, असं कुणीही विचारील. खरं सांगायचं तर नकाशा रस्त्यासाठी नव्हताच, माझ्या हौसेसाठी होता. नामपूरला कांदा ठेवला, ओझरला विमान, नाशिकला द्राक्षांचा घड. गावांची नावं मराठीत, इंग्रजीत आणि उर्दूतही. उर्दू यासाठी की बसचा ड्रायव्हर नामपूरचाच मुसलमान माणूस, व्याह्यांच्या घरचं प्रत्येक कार्य त्याच्याच गाडीने व्हायचं. व्याही सहज म्हणाले होते, तो उर्दू शाळेत शिकलाय, मराठी वाचायला त्याला जरा वेळ लागतो. मला निमित्तच हवं होतं.

मग आठ दिवस मी त्या संगणकाशी भांडत बसलो. इमोजींच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. मराठीतली जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या अक्षर सोडून पलीकडे जाऊन बसायच्या. उर्दूची तर दैना; त्या लिपीत अक्षरं हातात हात घालून चालतात, ती इथे सुटी सुटी, वर उलट्या क्रमाने. शेवटी कळलं की प्रत्येक लिपीला तिचा तिचा फॉन्ट दाखवून द्यावा लागतो, एकाच फॉन्टवर सगळ्यांना बसवलं की असा गोंधळ होतो. तो दाखवला आणि सगळं जागच्या जागी आलं. त्या दिवशी मी स्वतःला दोन चहा पाजले.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? माझ्या हातची वळणदार अक्षरं मी एका पोराकडून फॉन्ट म्हणून बनवून घेतली होती. तो फॉन्ट कुठेतरी वापरायचाच होता. आणि आमच्या धंद्यात तर पहिली पत्रिका कुलदैवताला हा नियमच. आमची देवी सप्तशृंगी, व्याह्यांचीही तीच. तेव्हा व्हिडिओच्या सुरुवातीला, रेघ निघण्याआधी, मी वणीवर एक देऊळ उभं केलं. शेजारी जोडलेले हात. वर ठसठशीत १ हा आकडा, म्हणजे पहिलं निमंत्रण. खाली गावाचं नाव तिन्ही लिप्यांत, आणि त्याखाली माझ्या वळणदार अक्षरांत "प्रथम निमंत्रण आई जगदंबेस". कार्यालयात भिंतीवर मोठं करून बघितलं असतं तर डोळ्यांचं पारणं फिटलं असतं. मोबाईलवर ती ओळ नुसती रांगोळीसारखी दिसत होती, वाचता येत नव्हती, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

उर्दू बरोबर आहे का, हे मात्र विचारलं. प्रुफाशिवाय काही सोडायचं नाही ही तीस वर्षांची सवय. त्या पहिल्या दृश्याचा फोटो काढून मी ड्रायव्हरला पाठवला. त्याने लगेच फोन केला. "भाईसाब, एकदम सही है. हरफ सब जुड गये." मी खूश. चार दिवसांनी पूर्ण व्हिडिओ सगळ्यांना गेला. वाहवा झाली. बहिणीने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, "छान केलंस रे दादा." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

लग्नाच्या दिवशी साडेदहाला मी लॉन्सच्या दारात अत्तरदाणी घेऊन उभा. नऊच्या सुमाराला व्याह्यांनी "देवळा सोडलं" असा निरोप पाठवला होता, म्हणजे आता कोणत्याही क्षणी यायला हवे होते. फोन वाजला. व्याहीच, त्यांच्या अहिराणीत. मागून घंटांचा आवाज.

"भाऊ, आम्ही कव्हयना उभा शेतस. नारळ बी लिधं. तुम्ही कव्हय येतस?"

"कुठे उभे आहात?"

"कोठे म्हंजे? देवीना दारशी. वणीले."

बोलता बोलता उलगडलं ते असं. ड्रायव्हरने व्हिडिओ उघडलाच नव्हता. त्याच्याकडे मी पाठवलेलं ते प्रूफ होतं, वधूच्या मामाने खुद्द पाठवलेलं. त्यात देऊळ, हात जोडलेले, एक नंबर आणि खाली स्वच्छ उर्दूत वणी. त्याने व्याह्यांना दाखवलं. व्याह्यांना वाटलं, मुलीकडच्यांचा बेत दिसतोय, आधी दोन्ही घरांनी देवीपुढे भेटायचं, मग एकत्र मांडवात. किती चांगली माणसं! देवळ्याहून त्यांनी वणीकडे जाणारा कळवणचा रस्ता धरला. आणि पन्नास माणसं अर्धा तास वणीच्या देवळासमोर आमची वाट बघत उन्हात उभी होती.

"आत्ताच्या आत्ता निघा," मी म्हणालो. वणीहून पिंपळगावला उतरायचं आणि तिथून ओझर. रस्ता मोकळा असला तर सव्वा तास. आणि पिंपळगावला बाजार समितीपुढे ट्रॅक्टरांची रांग लागलेली असणार, हे आम्हा नाशिककरांना सांगायला नको.

बहिणीला सांगायचं मला धैर्य झालं नाही. तिच्या लग्नातली गाडी निदान आपोआप बंद पडली होती; ही गाडी मी स्वतःच्या हाताने, तीन लिप्यांत लिहून, भलतीकडे पाठवली होती. तिला म्हणालो, हार कमी पडतायत, घेऊन येतो. ती खोलीत भाचीच्या मुंडावळ्या बांधत होती. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "बरं. टोपी घालून जा, ऊन आहे."

मी महामार्गाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. देवीला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, बरंच होतं. सव्वाअकरा झाले. पावणेबारा झाले. ड्रायव्हरला फोन लावला तर म्हणाला, "पिंपळगाव में फँसे है, भाईसाब. आप फिकर मत करो." फिकर नको म्हणे! बारा वाजता मला खरंच वाटलं की नाशिकची बस पकडावी आणि दुकानाचं शटर लावून आत बसावं. आज नाही तर उद्या कधीतरी तिच्यासमोर यावं लागेल, पण निदान आज नको. एक बस येऊन थांबलीही. कंडक्टरने विचारलं, "चढायचंय का?" मी एक पाय पायरीवर ठेवला आणि परत खाली घेतला. तो शिवी हासडून निघून गेला.

बारा वाजून बारा मिनिटांनी फुलांच्या माळा लावलेली ती बस दिसली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन वाहतूक पोलिसासारखे दोन्ही हात हलवायला लागलो. ड्रायव्हरने काच खाली केली. घामाने निथळत होता. पिंपळगावातून त्याने गाडी द्राक्षबागांमधल्या कच्च्या रस्त्याने काढली होती, नकाशा न बघता. "नक्शा आपका, रास्ता मेरा," म्हणाला आणि हसला. मला तिथेच रडू फुटलं. मागून व्याही ओरडले, "भाऊ, दर्शन मस्त झायं! आते पळा!"

नवरदेवाला मारुतीच्या पाया पाडणं, सीमांतपूजन, सगळं धावतपळत उरकलं. बारा बत्तीसला नवरदेव पाटावर उभा. मी भाचीला खोलीतून हाताला धरून आणलं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि बारा पस्तीसला, अगदी बारा पस्तीसला, अक्षता पडल्या. माझ्या हातातल्या अक्षता मी टाकायलाच विसरलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पंगत बसली तेव्हा मी बहिणीला बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. देऊळ, एक नंबर, प्रूफ, वणी. तिने वाढप्याकडून जिलबीचं ताट घेतलं. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू व्याह्यांचा फोन ठेवलास आणि मला विहीणबाईंचा आला. तुम्ही दर्शनाला का नाही आलात, म्हणून विचारत होत्या."

म्हणजे मी हारांची थाप मारली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? दोन शिव्या तरी द्यायच्या.

"तुला बोलले असते तर तू तोंड लपवून नाशिकला निघून गेला असतास. ओळखत नाही का मी तुला?" तिने माझ्या ताटात जिलबी वाढली. "बस आज ना उद्या आलीच असती, दादा. मुहूर्त टळला असता तर मी सोसलं असतं, एकदा सोसलंय. पण तिचे वडील नाहीत. तूही नसतास, तर पोरीला मांडवात आणलं कुणी असतं?"

महामार्गावर थांबलेल्या त्या नाशिकच्या बसचं मी तिला सांगितलं नाही. मान खाली घालून जिलबी खाल्ली, आणि मग आणखी एक मागितली.