मॅडमच्या कपाटातले माझे कागद

"तोंड उघड."

मी उघडलं नाही.

"अगं, उघड ना बाळा. आ कर."

मी एकोणीस वर्षांची होते. बारावी पास. आणि एक अनोळखी बाई मला "आ कर" म्हणत होती. मला दिसत नाही, पण तिच्या बोटांत केकचा तुकडा आहे हे वासावरून कळत होतं. साखर, क्रीम आणि तिच्या मनगटावरचं अत्तर. माझ्या दोन्ही बाजूंना मुली ओळीनं बसवलेल्या. समोर मोबाइलवर फोटो काढल्याचे खटाखट आवाज.

"थोडी इकडं वळव तिले," एक पुरुष म्हणाला. "चेहरा नाई येऊन राह्यला."

कुणीतरी माझी हनुवटी धरली आणि मान वळवली. विचारलं नाही.

"दिसत नाई तिले. तूच भरवून दे ना."

केक ओठांवर दाबला गेला. मी दात घट्ट धरले. क्रीम ओठांवर, नाकाला, हनुवटीवरून खाली ओढणीवर. कुणाला तरी हसू फुटलं.

मला हात आहेत. उन्हाळ्यात आई जंगलातून तेंदूपत्ता आणायची तेव्हा सत्तर पानांची पुडकी मी बांधायचे. माझ्या बहिणीची चुकायची, माझी कधी चुकली नाहीत. त्या हातांना एक केकचा तुकडा तोंडापर्यंत नेता येत नाही, असं या लोकांना कुणी सांगितलं?

"मले केक नको," मी म्हटलं. "माझे कागद पाह्यजे."

मग तो पुरुष म्हणाला, "काय मागून राह्यली हे?"

"काही नाही हो साहेब," मॅडम हसून म्हणाल्या. "जरा लाडावलेली आहे."

त्या साहेबांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. चुरचुरलं. चिप्सचा पुडा होता.

"घे. रडू नको."

मी रडत नव्हते. माझ्या अंगाची आग होत होती.

कसले कागद, ते सांगते.

माझं गाव धानोरा तालुक्यात, जंगलाला लागून. घरी थोडी धानाची शेती. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला दूर एका संस्थेत नेऊन ठेवलं. न दिसणाऱ्या मुलींची शाळा आणि वसतिगृह. तिथे मी ब्रेल शिकले. दहावीपर्यंत तिथेच, मग अकरावी-बारावीला राहायला तिथे आणि शिकायला गावातल्या साध्या कॉलेजात. शिकवलं त्यांनी, जेवू घातलं, हे मी नाकारत नाही. मॅडम म्हणजे संस्थेच्या अधीक्षिका. त्यांनी मला कधी मारलं नाही. मारलं असतं तर मला लवकर समजलं असतं.

संस्थेत बहुतेक रविवारी कुणाचा तरी वाढदिवस असायचा. आमच्यापैकी कुणाचा नाही. ठेकेदाराच्या मुलाचा, डॉक्टरच्या आईचा, दुकानदाराच्या बायकोचा. आदल्या दिवशी हॉटेलात साजरा करायचा आणि रविवारी पुण्य पदरात पाडून घ्यायला आमच्याकडे यायचं. आम्ही ओळीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, गाणं म्हणायचं, भरवलं की खायचं. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. आमच्या गावात अर्ध्या लोकांची एक जूनच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. पण ज्यांना मी एरवी कधी भेटणार नाही अशा लोकांच्या जन्मतारखा मला पाठ होत्या.

बारा वर्षं मी ते केक खाल्ले. हे लिहिताना मला माझाच राग येतो.

बारावीच्या शेवटच्या दिवशी सर वर्गात प्रत्येकाला विचारत होते, पुढे काय करणार. "नर्सिंग." "आयटीआय." "पोलीस भरती." माझ्या शेजारची म्हणाली, "फॉरेस्टची परीक्षा." आता माझा नंबर. मी उत्तर तयार ठेवलं होतं. बी.ए. करणार, इतिहास घेणार, कॉलेजात शिकवणार. सर माझ्या बाकाशी आले. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला. मग ते मागच्या बाकाकडे गेले आणि मागच्या मुलीला म्हणाले, "तू गं?"

विसरले असतील, असं मी स्वतःला रात्रभर समजावलं. पण ते विसरले नव्हते. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले होते. विसरलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी हात ठेवत नाही. मला पुढे काही नाहीच, मग विचारून दुखवायचं कशाला, असा त्यांचा चांगुलपणा होता. असल्या चांगुलपणाची मला आजही चीड येते.

माझं पुढचं आधीच ठरलेलं होतं. संस्थेच्या आवारातच उद्योगकेंद्र होतं. नाव मोठं, काम मेणबत्त्या ओतायचं आणि फाइलींमध्ये दोऱ्या ओवायचं. बारावी झालेली, नापास झालेली, सगळ्या तिकडेच. माझ्या शेजारी दोऱ्या ओवणारी ताई अठराव्या वर्षी आली होती, आता तिची चाळिशी उलटली. तिथल्या माझ्या पहिल्याच दुपारी ती मला म्हणाली, "इथी सवय होते गं. वर्षभर जड जाते फक्त."

त्याच दिवशी मी ठरवलं, मला ही सवय होऊ द्यायची नाही.

नजमा माझी खोलीतली मैत्रीण. राजुऱ्याची, तिचे वडील गाद्या भरून द्यायचे. तिला एका डोळ्यानं थोडंसं दिसायचं. माझा मोबाइल मला सगळं वाचून दाखवतो, पण कॉलेजच्या फॉर्ममध्ये शेवटी चित्रातली वाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात. ती त्याला वाचता येत नाहीत. नजमानं डोळा स्क्रीनला चिकटवून ती अक्षरं सांगितली आणि गडचिरोलीच्या कॉलेजात माझा फॉर्म गेला. यादीत नाव लागलं. शुक्रवारी शेवटची तारीख. टीसी, मार्कशीट आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र, तिन्ही मूळ कागद घेऊन हजर राहायचं.

आणि ते तिन्ही मॅडमच्या कपाटात.

आम्हा सगळ्यांचेच कागद तिथे असायचे. "तुम्ही हरवाल," म्हणून. मी पहिल्यांदा मागितले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कशाला? इथे काय कमी आहे तुला?" दुसऱ्यांदा म्हणाल्या, "किल्ली घरी राहिली." तिसऱ्यांदा, "रविवारचे पाहुणे होऊन जाऊ देत, मग बघू." म्हणून मी पाहुण्यांसमोरच मागितले. त्याचं उत्तर चिप्सचा पुडा.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी बाबांना फोन लावला. माझ्यासमोर, मुद्दाम. "तुमच्या मुलीनं संस्थेची अब्रू घालवली. येऊन घेऊन जा."

बाबा गुरुवारी आले. धान रोवण्याचे दिवस होते. चिखलातून उठून तसेच एसटीत बसले असणार, कारण दारातच मॅडमचा आवाज आला, "पाय पुसा आधी. फरशी आत्ताच पुसलीय."

मग ऑफिसात बाबांचा आवाज. मी तो आवाज तसा कधी ऐकला नव्हता.

"चुकलं मॅडम. लहान हाय पोरगी. पदरात घ्या."

"लहान?" मॅडम म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची घोडी झालीय!"

रविवारी मी बाळ होते. गुरुवारी घोडी झाले. मधल्या चार दिवसांत मी फक्त माझे कागद मागितले होते.

"माफी माग वो माय मॅडमची," बाबा मला म्हणाले. त्यांचे तळवे एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. म्हणजे हात जोडलेले होते. माझ्या टीसीसाठी माझा बाप हात जोडून उभा होता. मला ओरडावंसं वाटलं.

"बाबा, हात सोडा," मी म्हटलं. "मी काई चोरलं नाई."

मॅडमनी कपाट उघडलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. रजिस्टर उघडल्याचा आवाज, मग शाईच्या डबीचं झाकण.

"ठीक आहे. न्या हिला. पुन्हा या दारात यायचं नाही. इथे तुमचा अंगठा लावा आणि कागद घ्या."

बाबा पुढे सरकले. मी त्यांचा हात धरला.

"कागद कुणाच्या नावाचे आहेत मॅडम?"

"तुझ्याच. पण वडिलांचा अंगठा चालतो."

"मग सही माझी होईल."

"तुला सही येते?"

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. बारा वर्षं मी त्यांच्या नजरेसमोर वाढले आणि मला सही येते का, हे त्यांना माहीत नव्हतं.

"अंधांचा अंगठाच घेतात. नियम आहे तसा," त्या म्हणाल्या.

"कोणता नियम? वाचून दाखवा. मी ऐकते."

"मग राहू देत कागद." कपाटाचं दार करकरलं.

बाबा घाबरले. "लाव ना माय अंगठा. तूच लाव. काऊन जिद करून राह्यली? उद्या शेवटची तारीख हाय म्हणत होती ना?"

ते खरं बोलत होते. एक अंगठा लावला की कागद हातात, उद्या कॉलेज. कुणाचं काय बिघडणार होतं? खोटं कशाला सांगू, माझा हात उठला होता.

मग मला बारावीच्या परीक्षेची खोली आठवली. तीन तास मी राज्यशास्त्राची उत्तरं लेखनिक मुलीला सांगितली होती, ती लिहीत होती. पेपर संपला आणि पर्यवेक्षकांनी न विचारता माझा अंगठा धरून शाईत दाबला. तीन तास बोललेलं सगळं त्या एका शाईच्या ठशात गेलं. त्या संध्याकाळी मी नजमाला म्हटलं, मला सही शिकव. तिनं लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला नावाएवढी लांब आणि अक्षरं मावतील एवढी रुंद फट पाडली आणि माझा हात धरून त्या फटीत माझं नाव गिरवून घेतलं. दोन महिने. बोटं दुखून यायची.

तो पुठ्ठा माझ्या पिशवीत होता. मी खुर्ची चाचपडली आणि बसले. बस, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"माझ्या सहीनं कागद भेटल्याबिगर मी इथून उठत नाई."

"शिपायाला बोलवू का?" मॅडम म्हणाल्या.

"बोलवा."

किती वेळ गेला ते माहीत नाही. बाबा मधूनमधून "माय वो, माय वो" करत होते. मग बाहेर गाडी थांबली. बायकांचे आवाज. पुढच्या रविवारची वेळ ठरवायला कुणीतरी आलं होतं. मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे ढकललं. माझं ऐकलं म्हणून नव्हे. पाहुण्यांपुढे तमाशा नको म्हणून. हे मी विसरलेले नाही.

"बाबा, रेघ कुठी हाय तेवढी दाखवा."

बाबांनी माझं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्यांच्या हाताला वाळलेला चिखल होता. मी पुठ्ठा लावला आणि सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

"वाकडी आलीय," मॅडम म्हणाल्या.

"माझी हाय," मी म्हटलं.

मग मी प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि त्याच्याकडून वाचून घेतला. मोबाइलनं त्या ऑफिसात मोठ्यानं माझं नाव वाचलं, माझे मार्क वाचले. मॅडम "आता पुरे" म्हणाल्या. मी तिन्ही कागद शेवटपर्यंत ऐकले. त्यांच्यावर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते.

"उपकार विसरलीस," निघताना त्या म्हणाल्या.

नाही विसरले. पण बारा वर्षं जेवू घातलं म्हणून माझं उरलेलं आयुष्य कपाटात ठेवायचा हक्क कुणाला मिळत नाही.

शुक्रवारी गडचिरोलीला माझा प्रवेश झाला. तिथल्या बाबूंनीही बाबांनाच विचारलं, "हिला कोणता विषय द्यायचा?" मी म्हटलं, "शिकणार मी आहे. मले विचारा." बी.ए. झालं, आता एम.ए. चालू आहे. माझी गोष्ट ऐकून कुणी टाळ्या वाजवू नयेत. टाळ्यांचा मला कंटाळा आहे. खोली भाड्यानं मागायला गेले की घरमालकीण आजही म्हणते, "गॅस कोण लावणार?" बँकेत साहेब म्हणतात, "सोबत कोण आहे?" मी म्हणते, "मीच आहे." मग ते शाईची डबी पुढे करतात, मी ती परत ढकलते. सहीला वेळ लागतो. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

नजमा अजून तिथेच आहे. मला सही शिकवणारी नजमा मेणबत्त्या ओतते. मी गेल्यावर दोन वर्षांनी तिनं कागद मागितले. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या भल्यासाठीच ठेवलेत." परवा फोनवर ती हळूच म्हणाली, "मेरेकू भी पढना है. पर अकेली से नहीं होता."

एकटीनं नाही मागायचं नजमा. मी येते आहे. येत्या रविवारी. रविवार मुद्दाम निवडला आहे, तेव्हा पाहुणे असतात आणि ऑफिसचं दार उघडं असतं. या दारात पुन्हा यायचं नाही, असं मला सांगितलेलं आहे. मी येणार आहे. आणि नजमाचे कागद नजमाच्या हातात पडेपर्यंत आम्ही दोघी तिथून हलणार नाही.