रानकाकू आणि रेवा

रानकाकूंसारखं उभं राहणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी धुकं अजून शेतावर रेंगाळत असायचं, आणि त्या बांधाशी एका जागी जाऊन उभ्या राहायच्या. मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. हात हिरव्या जॅकेटच्या खिशात, डोक्याला लोकरीची टोपी, टोपीखालून डोकावणारी लाल टिकली. पायाशी त्यांची काळी लॅब्रडॉर, रेवा, तीही तितकीच निश्चल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकूंना बरं वाटत नाहीये. मी घाईघाईनं जवळ गेले. "गप उभी राहा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सकाळ चाललीय."

बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळात काकू पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकीला काहीतरी उपपद लागलेलं. एक केककाकू, एक योगाकाकू, आणि एक गणपतीला पैठणीखाली चिखलाचे बूट घालून येणाऱ्या या रानकाकू. मिरजेहून लग्न होऊन इथे आलेल्या. नवरा इथल्याच एका खेड्यात डॉक्टर. रेवाच्या कितीतरी आधी एका शेतकरी पेशंटनं डॉक्टरांना लॅब्रडॉरचं पिल्लू भेट दिलं, डॉक्टरांना वेळ नव्हता, म्हणून काकू त्याला शिकवणीला घेऊन जायला लागल्या आणि मग त्या रानातून परत आल्याच नाहीत, असं मंडळात गमतीनं म्हणत. शिकारीत पडलेलं पाखरू शोधून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा क्लब. काकू त्याच्या चेअर, म्हणजे अध्यक्ष, बिनपगारी. तिथले गोरे मेंबर त्यांना 'मिसेस के' म्हणायचे.

मला त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत गाठलं होतं. मी नवऱ्याबरोबर पुण्याहून येऊन जेमतेम काही महिने झालेले. बिझनेस पार्कमधलं ऑफिस आणि घर, मध्ये चार राउंडअबाउट, एवढंच माझं इंग्लंड. शनिवार-रविवार म्हणजे कपडे धुणं आणि आईला फोन. "तुला लांब फेकता येतं का?" काकूंनी विचारलं. काय फेकायचं, हे विचारायच्या आत त्यांनी माझा दंड चाचपून पाहिला आणि रविवारची वेळ सांगितली. अशी मी, जिच्याकडे कुत्रा नव्हता आणि जिला कुत्र्यांची थोडी भीतीच होती, क्लबची डमी फेकणारी झाले. डमी म्हणजे भुसा भरलेली कॅनव्हासची लांबट पिशवी. ती फेकायची, कुत्र्यानं ती कुठे पडली हे लक्षात ठेवायचं, सांगितल्यावर जायचं आणि आणून हातात द्यायची. खाली टाकली तर ते आणणं नव्हेच.

या सगळ्यात पळणं थोडं आणि बसणं फार. आठ-दहा कुत्री ओळीत बसायची. मी डमी फेकायची, जायचं मात्र एकानंच. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. नव्या मेंबरांना ते सोसायचं नाही. आपलं कुत्रं कधी धावतंय, याची त्यांनाच घाई. काकू त्यांच्या शेजारी जाऊन म्हणायच्या, "लेट हिम वॉच, डिअर." आणि परत येताना मला मराठीत सांगायच्या, "पळायला काय, कुणीही पळतं गं. दुसऱ्याची पाळी बघत बसता आलं पाहिजे. बघ ना कशी बसलीत. आपल्या मंडळाच्या मीटिंगला असं कुणी बसेल?" धुक्यातून एक काळा ठिपका लांब जायचा, दिसेनासा व्हायचा, आणि सगळी ओळ श्वास रोखून तो परत यायची वाट पाहायची. माणसंसुद्धा. ऑफिसमधलं सगळं त्या तेवढ्या वेळात माझ्या अंगावरून उतरून जायचं. अजूनही कधी झोप लागत नसली की मी ती ओळ आठवते.

काकू शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. त्यांच्या फ्रीझरमध्ये मात्र एका कप्प्यात मटार, ओलं खोबरं आणि पुरणाचे गोळे, आणि खालच्या कप्प्यात पिसांसकट कबुतरं आणि एखादा शिकारीचा फेझंट पक्षी. कुत्र्यांना खऱ्या पाखराची सवय लागावी म्हणून. केककाकू एकदा बर्फ घ्यायला म्हणून चुकीचा कप्पा उघडून बसल्या, त्यानंतर त्यांनी रानकाकूंकडचं जेवण कायमचं टाळलं. मी एकदा धीर करून विचारलं, की काकू, तुम्हाला हे चालतं कसं? त्या चिडल्या नाहीत. "मारणारे मारतात, मी थांबवू शकत नाही. पण जखमी पाखरू झुडपात पडून रात्रभर तडफडत राहावं? ते कुणीतरी शोधायला हवं ना? ते कुणीतरी म्हणजे आम्ही." हिवाळ्यात शिकारीच्या दिवशी बंदुका थांबल्या, मंडळी गरम सूप प्यायला गेली की काकू आणि रेवा एकट्याच ओल्या झाडीत शिरायच्या. शेवटचं पाखरू सापडेपर्यंत त्यांना सूप नको असायचं.

क्लबची मीटिंग पबच्या मागच्या खोलीत. काकू बिनदारूचं जिंजर एल घेऊन बसायच्या आणि टेबलाच्या मधोमध चिवड्याचा डबा उघडून ठेवायच्या. शेत कुणाचं मिळणार, गेट कोण उघडणार, नव्या लोकांना कुठे पार्क करू द्यायचं, यावर तासभर वाद. मग पुढच्या वर्षी चेअर कोण होणार असा प्रश्न निघाला की सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागायचे. काकू सुस्कारा टाकून म्हणायच्या, "ऑल राइट, वन मोअर इयर." निवृत्त इलेक्ट्रिशियन कॉलिन, जो मैदानाची सगळी आखणी करायचा, लगेच चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागायचा. त्याचं आणि काकूंचं बोलणं फार कमी. शेताच्या दोन टोकांना उभं राहून ते हातांच्या खुणांनीच सगळं ठरवायचे.

डॉक्टर गेले त्या हिवाळ्यात रेवा अगदी पिल्लू होती. काकू तेव्हाचं फारसं बोलत नसत. एकदाच, टेकडीच्या कडेला थर्मासमधला चहा पिताना, आपण होऊन म्हणाल्या, "सकाळी उठावंसं वाटायचं नाही बघ. पण हिला बाहेर न्यायलाच लागायचं. मग मी स्वेटर घालायची. स्वेटर घातला की मग बाकीचं जमायचं." रेवाच्या कानामागे त्यांचा हात फिरत होता. समोर उंच बीचवृक्षांतून ऊन तिरपं उतरत होतं आणि आम्ही तिघी कितीतरी वेळ तशाच बसलो होतो.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग कुत्र्याला बोलवायच्या शिट्टीची दोरी. एकदा नांगरलेल्या शेतात त्या पडल्या आणि कॉलिननं पाहिलं नसतं तर किती वेळ पडून राहिल्या असत्या, कोण जाणे. रेवा त्यांना सोडून हललीच नव्हती. मुलगा समीर ग्लासगोहून आला. इथेच वाढलेला, मोठा सालस मुलगा, आईशी मराठीच बोलायचा, त्याला जमेल तसं. "आई, आता माझ्याकडे यायचं. मी लिफ्टवाला फ्लॅट घेतला आहे. कुत्रा पण चालतो. मी विचारला."

कुत्रा चालतो, हेच काकूंना जड गेलं. चालत नसता तर प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि रेवाला घेशील का असं विचारलं. मी गोंधळले. म्हटलं, काकू, समीर तर घेऊन चला म्हणतोय. "म्हणतोय. पण तिसऱ्या मजल्यावरून ती काय आणणार? दारातलं पार्सल?" त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "ऐन कामातलं कुत्रं आहे गं ते. माझ्या सोबतीला म्हणून तिनं गादीवर बसून दिवस काढायचे? मला आवडेल. फार आवडेल. म्हणूनच नको म्हणते." माझा नवरा कुत्रं म्हटलं की खूश, घराला मागे बाग होती, नाही म्हणायला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही.

क्लबमध्ये एक रीत आहे. कुत्रं दुसऱ्याला दिलं की देणाऱ्यानं बरेच दिवस त्याच्या समोर यायचं नाही. दिसायचं नाही, आवाज द्यायचा नाही, वाऱ्यावर आपला वाससुद्धा जाऊ द्यायचा नाही. नाहीतर ते नव्या माणसाचं होत नाही. काकूंनी कित्येकांना हे बजावलेलं, आता स्वतः पाळायला लागल्या. रेवा माझ्याकडे जेवायची, झोपायची, नवऱ्याच्या मागे मागे फिरायची. पण मैदानात डमी घेऊन सरळ माझ्या बाजूनं पुढे जायची आणि गेटपाशी, जिथे काकूंची लाल गाडी उभी असायची, तिथे डमी तोंडात धरून बसायची. रस्त्याकडे बघत. मी हाक मारली की शेपूट खाली. हे आठवड्यामागून आठवडे चाललं. "गिव्ह हर टाइम, लव्ह," कॉलिन म्हणायचा. पण वेळ संपत आला होता, काकूंचा जायचा दिवस ठरला होता. मी काकूंना फोनवर खरं ते सांगून टाकलं, की ती माझी होत नाहीये. मग त्या म्हणाल्या, "मी जायच्या दिवशी बघू. त्या दिवशीही तुझ्या हातात दिलं नाही, तर माझ्याबरोबर घेऊन जाईन. तिला असं टांगून नाही ठेवायचं."

तो रविवार. समीरची गाडी रेवाच्या ओळखीची नव्हती. कॉलिननं ती कुंपणाच्या झाडीमागे गल्लीत लावून घेतली, वारा शेताकडून गाडीकडे वाहत होता त्या बाजूला. सामान आत भरलेलं, काकू पुढच्या सीटवर. "डोन्ट लुक अॅट द कार," कॉलिननं मला बजावलं आणि स्वतः लांब जाऊन डमी फेकली. मी रेवाला सोडलं. ती सुरेख गेली, धुक्याच्या पातळ पडद्यातून, ओल्या गवतात लांब काळी रेघ उमटवत. डमी उचलून वळली आणि माझ्याकडे निघाली. आणि अर्ध्या वाटेवर असताना माझ्या गालावरचा वारा फिरला.

रेवा थांबली. नाक वर गेलं. मग तिचं सगळं अंग झाडीकडे वळलं आणि थरथरायला लागलं. मी शिट्टी वाजवली. तिचा एक कान फक्त हलला. बघू नको म्हटलं असतानाही मी बघितलं. झाडीच्या फटीतून गाडीची उघडी खिडकी दिसत होती आणि खिडकीत लोकरीची टोपी. काकूंनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं. तोही नको, खिडकी नुसती उघडी राहिली असती तरी रेवा गेली असती, आणि काकूंच्याबरोबर ग्लासगोलाही गेली असती. मला वाटलं, जाऊ दे, जावं तिनं. मग काच हळूहळू वर सरकली. गाडी सुरू झाली आणि कसलीही घाई नसल्यासारखी गल्लीतून निघून गेली. रेवा तो आवाज ऐकत राहिली. मीही. आवाज संपल्यावरही ती तशीच उभी होती. मग ती वळली आणि चालत माझ्याकडे आली. समोर बसली. मी हात पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि डमी माझ्या हातात दिली.

दुपारी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमधल्या कॅफेतून काकूंचा फोन आला. मागे कपबशांचा आवाज.

"हातात दिलं?"

"दिलं, काकू."

"खाली नाही ना टाकलं?"

"नाही."

"शेपूट?"

"आधी खाली होतं. दिल्यावर हललं."

"हं." मग त्यांना रडू फुटलं. "काच वर करायची नव्हती गं मला. वाटलं, येऊ दे. उडी मारून येऊ दे आत." मीही रडत होते. समीरचा आवाज आला, "आई, पाणी घे." त्यांनी नाक पुसलं असावं. "आता तिचं मला आपण होऊन सांगत जाऊ नकोस. मी विचारीन तेव्हा सांग."

त्याला आता दोन हिवाळे झाले. दर रविवारी संध्याकाळी ग्लासगोहून फोन येतो. मी तो घेऊन मागच्या बागेत जाते आणि दार लावून घेते, रेवाला त्यांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. काकू खुशाल बोलत असतात. कॉलिनचा गुडघा कसा आहे, या वर्षी चेअर कोण झालं, शेतात पाणी साठलं का, सकाळी धुकं होतं का, माझा नवरा चिवडा नीट परतायला शिकला का. रेवाचं त्यांनी अजून विचारलेलं नाही.