कडी काढली की लावली

ज्या आठवड्यांत माझं लग्न ठरत होतं, किंवा ठरत नव्हतं, त्या आठवड्यांत आमच्या घरात लग्नाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. सगळे एका सिनेमाबद्दल बोलत होते. मला तेव्हा त्या सिनेमाचा इतका राग आला होता की दिग्दर्शक नाशकात भेटला असता तर मी त्याला रामकुंडावर नेऊन बुडवला असता.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, स्वभाव तिखट, आणि कांदेपोह्यांचे एवढे कार्यक्रम होऊन गेलेले की आईला पोहे भिजवताना माप लागत नसे. नकार दोन्हीकडून झाले होते. काहींना मी दिले, काहींनी मला दिले. एका स्थळाला मी फोन करून सरळ विचारलं होतं की तुमचं काय ठरलं, तर मध्यस्थाकरवी निरोप आला, मुलगी फार घाईची दिसते. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता.

हे स्थळ निफाडजवळचं. घरची द्राक्षबाग, आणि मुलगा विंचूरला वाइनच्या कारखान्यात, लॅबमध्ये. लहानपणी आई गेल्यामुळे त्याला आत्यांनी वाढवलेलं. तो घरी आला, दोन बश्या पोहे खाल्ले आणि लाजत तिसरी मागितली. मी म्हटलं, "मुलगी बघायला आलात की पोहे?" तर तो इतका मनापासून हसला की त्याला ठसका लागला. मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला. त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून स्वतःला बजावलं, उगाच हुरळून जाऊ नकोस. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्यांदा आम्ही दोघांनीच बाहेर भेटावं असं ठरलं. त्याने रविवारचा सकाळचा सिनेमा सुचवला. हे आत्यांच्या कानावर गेलं. "मंग आमी काय घरी माशा मारीत बसायचं?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांची तिकिटं काढायला लावली. अशा रीतीने आमची एकांतातली भेट सहा माणसांत पार पडली. पुढच्या रांगेत आम्ही दोघं, आणि बरोबर मागच्या रांगेत माझे आईबाबा, त्याचे वडील आणि आत्या. पूर्ण वेळ माझ्या मानेला त्यांच्या नजरा टोचत होत्या.

सिनेमा असा होता: एक माणूस कामावरून घरी येतो, दार उघडतो, तर आत भलतंच साल चालू. कधी बायको नवी नवरी, कधी म्हातारी, कधी घरात दुसरेच लोक. तो बाहेर पडतो, पुन्हा येतो, पुन्हा नवं साल. मध्यंतरानंतर तर तो जिन्यात स्वतःलाच भेटतो. शेवटी दमून भागून आपल्या दारात उभा राहतो आणि किल्ली खिशातच ठेवून दार वाजवतो. आतून पावलं येतात. कडी सरकल्याचा आवाज होतो. आणि पडदा काळा.

थिएटरात मग मागून एक दणदणीत आवाज आला, "ओ, लाईट गेली का?" कोणीतरी शिट्टी मारली. कॉलेजची पोरं टाळ्या वाजवायला लागली, तर एक गृहस्थ त्यांच्यावर डाफरले, "टाळ्या कसल्या वाजवता, शेवट कुठंय?" पडद्यावर नावं सरकायला लागली तरी निम्मे लोक बसून राहिले, नावांनंतर दार उघडेल या आशेने. बाहेर गेलेले दोघेतिघे पळत परत आले. झाडू घेऊन आलेला माणूस पायऱ्यांवर टेकला आणि म्हणाला, "संपला साहेब. रोज असंच बसतात सगळे." सरकत्या जिन्यावर एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "तूच आणलंस. आता तूच सांग." बाथरूमच्या रांगेत तर अनोळखी बायका एकमेकींना हाताला धरून विचारत होत्या, कडी काढली का हो तिने? इतके लोक एकाच वेळी इतके फसलेले आणि इतके खूश मी पहिल्यांदाच बघत होते. मीही खूश होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आवडला?" मी म्हटलं, "हो." मी कशाबद्दल म्हणाले ते त्याला कळलं की नाही कोण जाणे.

तिथून सगळे मिसळ खायला गेलो. बोलणी आता होतील, असा माझा अंदाज होता. पापड मोडता मोडता बाबांनी घसा खाकरला. मी हातातला पाव खाली ठेवला.

"दार उघडलं," बाबा म्हणाले. "कडी सरकली म्हणजे दार उघडलंच."

"आवं साहेब, कडी काढली नाय, लावली!" आत्या तर्रीची वाटी खाली ठेवत म्हणाल्या. "घरात एकली बाई. भाईर कोन उभं हाय ठावं नाय. ती काय दार उघडंल?"

"ताई, बिचारा एवढा शोधत आला. आणि लावायचीच होती तर ती दारापर्यंत चालत आली कशाला?"

"लावाया!"

माझी आई, जी घरी बाबांच्या प्रत्येक वाक्याला विरोध करते, ती बाबांच्या बाजूने झाली. त्याचे वडील बहिणीच्या बाजूने. शेजारच्या टेबलावरचे लोकही मध्ये पडले, तेही त्याच खेळाला होते. दोनदा जादा रस्सा आला, ताक आलं, आणि "या आता निफाडला", "तुम्हीही या" असं करत सगळे हसत हसत आपापल्या गाड्यांत बसले. माझ्या लग्नाचा विषय मिसळीच्या टेबलावरच राहिला.

आमच्याकडे रीत अशी की मुलाकडच्यांनी कळवायचं. मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायचं नाही. तेव्हा आम्ही फोनची वाट बघत बसलो, आणि फोन दुसऱ्याच दिवशी आला. आत्यांचा, बाबांना. मी स्वयंपाकघरातून धावत आले.

"साहेब, मी आमच्या दाराची कडी लावून आन् काढून पायली. लावताना आवाज जड येतो. पिच्चरमदी जडच व्हता."

बाबा ओझरच्या विमानाच्या कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ताबडतोब फोन आमच्या दाराला टेकवला आणि कडी सरकवली. "आता ओळखा, काढली की लावली?" पलीकडून उत्तर आलं, ते चुकलं. मग पलीकडून कडी वाजली, बाबा चुकले. हा प्रकार त्यानंतर रोज. कधी आत्यांचा फोन, कधी बाबांचा. गोठ्याची कडी झाली, गच्चीची झाली. समोरच्या काकूंनी आईला हळूच विचारलं की दार बिघडलंय का. आई हसून वेळ मारून नेई, आणि मी आतल्या खोलीत चडफडत असे.

त्याचे मेसेजही सिनेमाचेच. "जिन्यातला खरा की दारातला?" मी मनात म्हणे, अरे ते दोघं गेले खड्ड्यात, निफाडचा काय म्हणतोय ते सांग. पण लिहीत असे, "जिन्यातला असावा." एकदा त्याने छाटणी झालेल्या बागेचा फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. काड्या होत्या नुसत्या.

तीन आठवडे असे गेले. ऑफिसात मी लोकांवर खेकसायला लागले. बाबांवरही एकदा ओरडले, "तुम्हाला त्या दाराची एवढी पडली आहे, घरात मुलगी आहे याची आठवण आहे का?" बाबा उठून गच्चीवर गेले. थोड्या वेळाने वरून कडीचा आवाज आला.

एका शनिवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. आत्या होत्या. "साहेबांना सांग, मला एक नवीन सुचलंय…"

"आत्या," मी म्हटलं, "सिनेमाचं राहू द्या. माझं काय ठरलं ते सांगा."

बोलून गेले आणि जीभ चावली. झालं, घाईची मुलगी.

"तुजं काय म्हंजे?" आत्या म्हणाल्या. "आमी तं तुमची वाट पाहून दमलो. दुसऱ्या भेटीनंतर मुलीकडचे घर पाह्यला येत्यात, आमच्यात असंच हाय. आले म्हंजे पसंत. नाय आले तं आपन समजून घ्यायचं, विचारायचं नाय. पोरगं आमचं जेवना झालंय. मी रोज फोन करती, आज तरी साहेब म्हनतील येतो म्हनून, तं साहेब कडीच वाजवीत बसत्यात!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "आत्या, आमच्याकडे तुम्ही कळवायचं असतं."

"अरं देवा!" आत्या ओरडल्या, आणि फोन तसाच हातात धरून भावाला आणि भाच्याला हाका मारायला लागल्या. कुत्रं भुंकलं, कोणाचं तरी भांडं पडलं, आणि मग त्याचा धापा टाकणारा आवाज आला, "आज या. आजच या."

मी बाथरूमच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "बाबा! निफाडला घर बघायला बोलावलंय!" आतलं पाणी थांबलं. बाबा टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच, बाहेर आले. आई पदर डोळ्यांना लावून हसत होती.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "मी म्हणत होतो ना, फोन चालू राहिला पाहिजे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय," आई म्हणाली, "हे मध्यंतरानंतर गाढ झोपले होते. पडदा काळा झाल्यावर मी कोपर मारून उठवलं. ती कडी यांनी ऐकलेलीसुद्धा नाही. पार्किंगमध्ये मी सांगितली."

मी बाबांकडे बघत राहिले. तीन आठवडे हा माणूस न बघितलेल्या शेवटावरून भांडत होता.

"मग दार उघडलं, हे कशावरून ठरवलंत?"

"मला काय माहीत उघडलं की नाही," बाबा कानातला साबण पुसत म्हणाले. "पण मिसळ खाताना तू समोर बसली होतीस. तुझ्यासमोर लावली असं कसं म्हणणार?"