फौजदारीण बाईंचा हात

आमच्या शाळेत मुलांना कधी मार बसला नाही. बसला तो त्यांच्या आईबापांना, आणि तो देत आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचं खरं नाव फक्त कागदावरच्या सहीत होतं. लातूरच्या त्या वस्तीत लहानथोर सगळे त्यांना फौजदारीण बाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे. उलट एखाद्यानं भीत भीत ‘मॅडम’ म्हटलं तर त्या संशयानं बघत.

मी उमरीहून त्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी सकाळी त्यांचा हात पाहिला. लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रोज नव्या कचेरीची पाटी लागत होती, रस्ते रुंद होत होते, आणि पावसानं मात्र पाठ फिरवलेली. हातात नेमणुकीचा हुकूम घेऊन मी फाटकाशी उभी होते. समोर एक पांढऱ्या शर्टातला कारकून पोराला आत ढकलून सायकलीवर टांग टाकत होता.

“थांबा हो,” एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई पुढं आली. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. “लेकराच्या अंगावर काय उठलंय?”

“घामोळ्या हायेत, बाई.”

“घामोळ्या? गोवर हाय ह्यो. डोळे बघा त्याचे, इंगळावानी झालेत.”

“बाई, मंडळी दवाखान्यात ड्युटीवर गेलीय. माझ्या साहेबांचा आज दौरा हाय. रजा देत न्हाईत. कचेरी नवी हाय ना.”

बाईंनी शांतपणे गळ्यातली डबी पदराआड सारली आणि त्या कारकुनाच्या थोबाडीत अशी लगावली की सायकल एकीकडं आणि तो दुसरीकडं. “साहेबाला जिल्हा भेटला. आता ह्या लेकराला बाप भेटू द्या,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून त्याच आवाजात, “तुम्ही नव्या बाई का? या, चहा घ्या.”

रोज सकाळी त्या फाटकात उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावत. ताप असला की पोराला बाजूला बसवत आणि आणून सोडणाऱ्याला हाक मारत. आमच्या शाळेत यायची ती डाळमिलमध्ये राबणाऱ्यांची, मोंढ्यातल्या हमालांची, दवाखान्यातल्या आयांची आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची लेकरं. आई आणि बाप दोघंही उजाडताच बाहेर पडायचे. घरी म्हातारं माणूस नाही, शेजार कामावर. पोर फणफणलेलं असलं तरी दप्तर अडकवून शाळेत आणून सोडायचं. शाळेला निदान छप्पर होतं आणि माठात पाणी होतं. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण राग आला की त्यांना समोरचं एकच दिसे.

बाईंचं पोर असंच शाळेत पाठवल्यानं गेलं, असं वस्तीत बोललं जाई. त्या मूळच्या उदगीरच्या, घरात किराण्याचं दुकान, लग्न लवकर झालेलं, नवरा लवकर वारलेला. बाकीचं लोकांनी जुळवून घेतलं होतं. एकदा डबा खाताना मी धीर करून विचारलं. बाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

“न्हाई ग, उमरीकर. मला लेकरूच झालं न्हाई. दुसऱ्याचं मरायलंय हे बघून राग यायला आपलं मरावं लागतं का?”

मी उमरीची म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत ‘उमरीकर’च म्हटलं.

त्या उन्हाळ्यात सगळंच गाव हातघाईवर आलेलं होतं. टँकर आला की बायका घागरी घेऊन एकमेकींवर तुटून पडत. एकीचा कान फाटला, एकीच्या कपाळात कळशीची कड घुसली. पाण्यासाठी सख्ख्या भावांनी काठ्या काढल्या. शाळेच्या भिंतीला लागूनच टँकर उभा राहायचा, आणि शिव्या आणि किंकाळ्या ऐकत आमची पोरं पाढे म्हणत. अशा वेळी बाई छडी घेऊन गर्दीत घुसत आणि दिसेल त्याच्या पाठीत ओढत. त्यांनाही लागे. एकदा मनगट सुजवून आल्या आणि तशाच फळ्यावर लिहीत राहिल्या. मी हळद लावून दिली तर म्हणाल्या, “लई न्हाई लागलं. समोरच्याला जास्ती लागलं.”

त्यांच्या हाताची मला भीती वाटू लागली ती एका हमालामुळं. त्याची पोर कानातून पू गळत असताना शाळेत आली, म्हणून बाईंनी त्याला चार माणसांत मारलं. तो गडी मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन तिची आई आली. तिचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. बाईंनी विचारलं, “काय झालं ग?” तिनं पदर तोंडावर ओढला. मग पोरच म्हणाली, “तुम्ही बाला मारलं, मग बानं आईला मारलं.”

मी बाईंना म्हणाले, “तुमची थापड तिला लागली, बाई.”

बाई उठल्या, चपला घातल्या, भर दुपारी मोंढ्यात गेल्या आणि पोत्यांच्या थप्पीमागं त्या हमालाला पुन्हा बडवून आल्या. “आता न्हाई मारणार तो,” परत येऊन म्हणाल्या.  पण त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी फाटकात त्यांचा हात पोरांच्या कपाळावर नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळत होता.

आणि मग पारूचं झालं.

पारू ही नव्या रस्त्यासाठी खडी फोडणारी बाई. नवरा ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही. तिला छबू नावाची पोर आमच्या दुसरीत, आणि एक लहान पोरगा, तो तिच्या पाठीला बांधलेला असे. त्या सकाळी छबू आली ती भिंतीला धरून. आदल्या रात्रीपासून तिला हगवण लागली होती.

बाईंनी पारूला दंडाला धरून मागं खेचलं. “हिला उभं राहता येईना, आणि तू शाळेत आणून टाकायलीस? आई हाईस का कोण?”

“बाई, मला जाऊ द्या. उशीर झाला तर मुकादम उभं करत न्हाई.”

बाईंनी थोबाडीत मारली. पण पारू त्या कारकुनासारखी किंवा हमालासारखी खाली मान घालणारी नव्हती. तिनं पाठीचं पोर सोडून खाली ठेवलं आणि फिरून बाईंच्या तोंडावर ठोसा दिला. रोज हातोडा चालवणारा हात तो. बाईंच्या ओठातून रक्त आलं. बाईंनी तिचे केस धरले, तिनं बाईंचं लुगडं फाडलं. दोघी धुळीत लोळल्या. मास्तर, मुलं, टँकरवरच्या बायका, मी, सगळे गोल करून बघत राहिलो. पारू ओरडत होती, “मारा! मारा मला! पन हिला कुठं ठेवू ते सांगा! सांगा ना, कुठं ठेवू?”

बाईंनी तिचे केस आणखी घट्ट धरले. 

शेवटी शिपायानं त्यांना सोडवलं. पारू पोराला उचलून पळतच कामावर गेली. तेव्हा कुठं कुणीतरी छबूकडं पाहिलं. ती भिंतीला टेकून बसल्या जागी कलंडली होती. डोळे वर गेलेले, जीभ कोरडी, हातापायांत पेटके. बाईंनी तिला खांद्यावर टाकलं, रिक्षात घातलं, आणि मी मागून धावले. शिपायाला पारूकडं पिटाळलं.

दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडेना. छबू अधूनमधून डोळे उघडून “आई कुठाय?” विचारत होती. बाई म्हणत होत्या, “यायलीय बघ, निघालीय.” फाटलेल्या ओठांनी त्या हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दुपार झाली, पारू आली नाही. ऊन कलण्याच्या आधी छबू गेली.

बाईंनी तिच्या अंगावर स्वतःचा पदर फाडून घातला आणि त्या चालू लागल्या. मी मागं. रस्त्याच्या कामासाठी गावाबाहेरच्या माळावर पन्नासएक बायाबापड्या उन्हात बसून खडी फोडत होत्या. मुकादम छत्री लावून खुर्चीवर.

“सकाळी शिपाई आला व्हता?” बाईंनी विचारलं.

“आला असंल.”

“पारूला सांगितलं?”

“बाई, असे निरोप रोजच येतेत. कुणाची आई मेली, कुणाचं पोर आजारी. एकेकीला सोडत बसलो तर रस्ता कवा व्हायचा? जिल्ह्याचा रस्ता हाय ह्यो.”

या वेळी बाईंनी गळ्यातली डबी पदराआड केली नाही. त्यांनी शेजारचा हातोडा उचलला आणि त्याच्या दांड्यानं मुकादमाच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खुर्चीसकट उलटला. बाईंनी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा पाठीवर. तो गुरासारखा ओरडत होता. कुणी मधे पडलं नाही. बायांनी हातोडे खाली ठेवले, एवढंच.

मधे पडली ती पारू. बाईंचा चेहरा बघून तिला सगळं कळलं होतं. ती आली आणि बाईंचा वर गेलेला हात तिनं दोन्ही हातांनी धरला.

“मारू नका, बाई,” ती म्हणाली. “उद्या बी मला हितंच यायचं हाय.”

बाईंच्या हातातून हातोडा पडला. त्या माळावरच्या तापलेल्या खडीत बसल्या आणि “साकु, साकु” म्हणत राहिल्या. साकु म्हणजे पुरे. बाई कानडी बोलताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

खरा फौजदार शाळेत आला तेव्हा बाईंनी काहीच लपवलं नाही. “मी मारलं. हाव. किती मारलं ते त्याच्या अंगावर बघा.” खटला उभा राहिला, बाई जामिनावर सुटल्या, चौकशी बसली. पण बाईंना त्यातलं काहीच लागत नव्हतं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. एका दुपारी शाळा सुटल्यावर पायरीवर बसून त्या मला म्हणाल्या, “सकाळी ती पोर भिंतीशी बसली व्हती, उमरीकर. माझे दोन्ही हात तिच्या आईला मारण्यात गुंतले. पोरीला धरायला एक बी उरला न्हाई.”

त्यानंतर त्यांनी कुणालाही मारलं नाही. फाटकात त्या उभ्या राहत, कपाळाला हात लावत, आणि तापलेलं पोर असलं की त्याच्या आईबापाला नुसतं विचारत, “सुटी कवा होते तुमची?” मग सामानाच्या खोलीत टाकलेल्या खाटेवर पोराला निजवत. लोक या बाईंना जास्त घाबरले. मारणाऱ्या बाईंची त्यांना सवय होती.

उन्हाळी सुटी लागली आणि त्या चौकशीतून बाईंच्या बदलीचा हुकूम आला. धर्माबादच्या पलीकडं, राज्याच्या हद्दीवरच्या एका खेड्यात. त्या तिथं गेल्या, तिथंच निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी तिथंच वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यांचं शेवटचं दर्शन मला लातूरच्या स्टँडवर झालं, आणि तो दिवस मी कधी विसरणार नाही.

सकाळची गाडी होती. मी एकटीच सोडायला गेले होते. ट्रंक टपावर चढली, बाई खिडकीशी बसल्या, तेवढ्यात पारू येताना दिसली. कमरेवर तो लहान पोरगा, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलेलं. छबू गेल्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

पारू खिडकीखाली उभी राहिली. “तुम्ही जायलाव म्हणून कळलं. भेटावं म्हटलं.”

बाईंनी खिडकीतून हात काढून पोराच्या कपाळाला लावला. “ताप हाय ह्याला.”

“हाव. म्हणून आज कामाला न्हाई जात. शाळा बंद हाय. ठेवू कुठं?”

“नाव कापतील ना तुझं?”

“कापू द्या.”

 “मग खाशील काय?” बाई म्हणाल्या.

आजवर बाईंनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.  पारूचा चेहरा पहिल्यांदाच वाकडा झाला. छबूला मातीत ठेवतानाही तो तसा झाला नव्हता.

बाई उठल्या. कंडक्टरनं घंटी दिली होती. “ओ, ट्रंक उतरवा माझी,” त्यांनी आवाज दिला, तोच जुना फौजदारी आवाज. कंडक्टर कुरकुरला, पण उतरवली. गाडी धूळ उडवत गेली. बाईंनी पारूच्या कमरेवरचं पोर ओढून घेतलं.

“जा तू. आजून हजेरी व्हायची हाय. पळ.”

“आन तुमची गाडी?”

“संध्याकाळी दुसरी हाय. जा म्हटलं ना!”

पारू पळाली. दिवसभर त्या स्टँडच्या बाकावर बसून राहिल्या. पोराला मांडीवर घेऊन, फडकं ओलं करून कपाळावर ठेवत, उसनं मागून आणलेलं दूध चमच्यानं पाजत. मी मधे घरी जाऊन पेज करून आणली. शेजारच्या माणसानं विचारलं, “नातू का?” बाई म्हणाल्या, “हाव.” पोर मुतलं, ओकलं, रडलं, झोपलं. बाईंचा उजवा हात त्याच्या पाठीवर हळूहळू थोपटत होता.

दिवस मावळताना पारू आली, भुवयांपर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेली. बाईंनी पोर तिच्या हातात दिलं. “उतरलाय ताप. उद्या पुन्हा चढंल. मग हिच्याकडं आणून ठेव,” त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मला विचारलं नाही.

गाडी लागली. बाई चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाण्याआधी पारू माझ्या दारात उभी होती.