वर्गणीतले विद्यार्थी

ललिता घाडीगावकर यांना राग आला की त्या चष्मा काढून ओढणीने पुसायला घेतात. काचा लख्ख असल्या तरी पुसतात. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून यंदा कॉलेजं उघडण्याच्या सुमारास एका संध्याकाळी त्या घरी आल्या आणि दारातच चष्मा पुसत उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या आईने, राधाबाईंनी, आधी गॅस बारीक केला.

“काय झाला गो? कोणाचा डोक्या फोडून इलंस?”

“फोडायचंय अजून.”

ललिताबाई परळच्या बाजूला एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. चौदा वर्षं झाली, पण नोकरी अजून कायम नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. समोर बसलेल्या दोन माणसांना चहा कसा लागतो हेही एव्हाना त्यांना पाठ आहे, तरी ती माणसं दरवर्षी विचारतात, “स्वतःबद्दल काही सांगा.”

या सगळ्यात आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे एकच होतं. ‘गिरणगाव : काम, वस्ती आणि माणसं’ हा वैकल्पिक विषय. अभ्यासक्रम त्यांनी स्वतः बांधला होता. मुलांनी आपल्याच घरात, आपल्याच मजल्यावर जाऊन म्हाताऱ्यांशी बोलायचं. गाव सोडायचं कोणी ठरवलं? संपात उतरायचं कोणी ठरवलं? खोली विकायची कोणी ठरवलं? आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न ठरलेला : तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का?

हा प्रश्न कुठल्या पुस्तकातला नव्हता, घरातला होता. त्यांचे वडील धोंडू घाडीगावकर गिरणीत साचेवाले होते, कापडाचे माग चालवायचे. संपानंतर गिरणी गेली आणि ते गॅलरीतल्या बाकड्यावर बसले, ते तिथेच म्हातारे झाले. ललिताबाई बी.ए.ला असताना त्यांनी एकदा वडिलांना विचारलं, “बाबा, संपाच्या सभेत तुम्ही हात वर केला होता?” धोंडूंनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, “सगळ्यांचे वर गेले. माझा पण गेला.”

यंदापासून नवा नियम आला. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचाच. ललिताबाईंना बरं वाटलं होतं. कॉमर्सची पोरं येतील, निम्मी तर आपल्याच भागातली असतील. प्रत्यक्षात पोर्टलवर त्यांच्या विषयाला आले नऊ. इव्हेंट मॅनेजमेंट ओसंडून वाहत होतं, त्याच्या खालोखाल संवादकौशल्ये.

“मॅडम, आपणही थोडं मार्केटिंग करायला हवं,” प्राचार्य म्हणाले. “नाव जरा कॅची ठेवा. आजकाल पॅकेजिंग बघतात मुलं.”

“गिरणगावाला कॅची काय म्हणतात सर?”

प्राचार्य हसले. हसून झाल्यावर म्हणाले, “चाळीस लागतात. विषय बदलायला मुलांना शुक्रवारपर्यंत मुदत आहे. नाही झाले तर विषय बंद, आणि मग तुमचे तास…” पुढचं वाक्य त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत गिळलं.

हे सगळं ललिताबाई आईला सांगत होत्या, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची दर्शना वाटीभर साखर मागायला आली. त्यांच्याच कॉलेजात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला तिने नुकता प्रवेश घेतला होता.

“बाहेरचा विषय कुठला घेतलास गं?”

“इव्हेंट मॅनेजमेंट असेल, बाई.”

“असेल म्हणजे?”

“मयूरदादाने भरला ना. आपल्या चाळीतल्या सगळ्यांचे त्यानेच भरले. मागच्या दोन चाळींतल्यांचे पण.”

ललिताबाईंनी नुकताच डोळ्यांवर चढवलेला चष्मा पुन्हा उतरवला आणि तशाच जिना उतरून खाली गेल्या.

जिन्याखाली चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचं टेबल होतं. मागे भलामोठा बॅनर, ‘मोफत ऑनलाइन अर्ज भरून मिळतील’, आणि अक्षरांपेक्षा मोठे हात जोडलेले पाच-सात चेहरे. लॅपटॉपमागे मयूर बसला होता, मंडळाचा सेक्रेटरी. दहावीला तो ललिताबाईंच्याच खोलीत अभ्यास करून पास झालेला.

“या बाई! ए, खुर्ची दे रे बाईंना.”

“खुर्ची राहू दे. मयूर, या पोरांचे विषय तू त्यांना विचारून भरलेस?”

“विचारायचं काय त्यात? लाईन बघायची होतीत केवढी होती ती. एकाला विचारलं तर म्हणतो, दादा, तूच बघ. मग बघितलं. इव्हेंटला स्कोप आहे. आपलं गणपतीचं आगमन, लाईट, साउंड, सगळं इव्हेंटच ना? पोरं इथल्या इथे प्रॅक्टिकल करतील!” टेबलाभोवतीची पोरं खिदळली.

“आणि माझा विषय?”

मयूरचा चेहरा खरोखर कोरा झाला. “तुमचा पण होता त्यात? आईशप्पथ बाई, मी खाली स्क्रोलच नाही केलं.”

हे जास्त लागलं. त्याने विषय नाकारला असता तर भांडता आलं असतं. खाली बोट न सरकवलेल्या माणसाशी भांडायचं तरी काय?

“ऐक मग,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाईचा विषय बंद पडतोय. तिचे तास जातायत. आणि तो बंद पाडणारं टेबल तिच्याच जिन्याखाली लागलंय.”

“बंद पडतोय? मग आधी बोलायचं ना बाई!”

ललिताबाई जिन्याकडे वळल्या. वर जाऊन राधाबाईंच्या हातून चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत हातातच धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूमच्या दारातूनच हाक मारली. “मॅडम, जमलं की मार्केटिंग! बावन्न!”

ललिताबाईंनी स्क्रीनवरची नावं वाचली. तावडे, राणे, पाष्टे, जाधव, पुन्हा राणे. यातल्या निम्म्या पोरांची बारशी त्या जेवल्या होत्या. काय झालं असेल हे कळायला त्यांना मिनिटभरही लागलं नाही. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. विषय वाचला होता, वर्षाचे तास वाचले होते, आईची औषधं वाचली होती. कोणी चोरी केली नव्हती, कोणाचं नुकसान दिसत नव्हतं. कॉलेजपासून घरापर्यंत त्या स्वतःला हेच समजावत चालल्या. चाळीच्या तोंडाशी आल्यावर मनात आलं : पहिल्याच तासाला मी या पोरांना घरी जाऊन काय विचारायला सांगणार? कोणी ठरवलं? तुम्हाला विचारलं होतं का?

मयूर टेबलामागे खुशीत बसला होता. “झालं ना बाई काम? अख्खी लाईन फिरवली.”

“त्यांच्या खात्यात तू शिरलासच कसा?”

“सगळ्यांचा पासवर्ड मीच टाकलाय. मंडळाचं नाव आणि पुढे वन टू थ्री.”

“आणि पोरांना सांगितलंस?”

“सांगायला कशाला लागतं? आपल्या बाई आहेत. गणपतीला घराघरातून वर्गणी निघते ना, तशीच ही समजा.”

“मला वर्गणी नको!”

आवाज एवढा चढला की समोरच्या गॅलरीतली दोन माणसं कठड्याशी आली. मयूरही उभा राहिला. आता तोही चिडला होता.

“काल म्हणालात बंद पाडलं. आज चालू केलं तरी राग! करायचं तरी काय माणसाने? तुमचा जॉब वाचला ना?”

“जॉब माझा आहे मयूर. वर्ष त्या पोरांचं आहे. काल तू त्यांना इकडे ढकललंस, आज तिकडे. गाईगुरं आहेत का ती?”

“त्यांना काही फरक पडत नाही बाई! खरंच सांगतो. कुठलाही विषय द्या, ती बसतील.”

“तेच तर! म्हणूनच माझं डोकं फिरलंय!”

मयूरची आई शेवंतीकाकू पिशवी घेऊन बाजारातून येत होती, ती मध्ये पडली. “ललिता, पोरगं तुझं भलं करतंय आणि तू त्याच्यावर ओरडतेस? भरलेलं ताट कोण ढकलतं गं?”

“ताट माझं असतं तर जेवले असते, काकू.”

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाच्या स्पीकरवरून मयूरने घोषणा केली. आवाजात नाराजी होती, पण केली. कॉलेजच्या सगळ्या मुलांनी आपापला फोन घेऊन खाली यावं, पासवर्ड बदलावा, विषय स्वतः निवडावा. पोरं आली. ललिताबाईंनी एकेक विषय समजावून सांगितला. जेवढा वेळ स्वतःच्या विषयाला, तेवढाच इव्हेंटला आणि तेवढाच संवादकौशल्यांना. कोणाचंही कौतुक केलं नाही, स्वतःचं तर नाहीच.

मग पोरं एकमेकांकडे बघायला लागली. “तू काय घेतेस?” “तू घेशील ते.” ललिताबाई मध्ये घुसल्या आणि जोड्या तोडायला लागल्या. एकाला पाण्याच्या टाकीकडे पाठवलं, एकाला जिन्यावर, एकीला गणपतीच्या शेडमध्ये. “तिथे उभा राहा आणि ठरव. मित्राला फोन लावलास तर फोन माझ्याकडे!” कोणी हसलं, कोणी कुरकुरलं. “बाईंचं काहीतरी बिनसलंय,” असंही कोणीतरी म्हणालं, आणि ते त्यांना ऐकू आलं.

दर्शना सगळ्यांत शेवटी आली. तिने संवादकौशल्ये घेतलं होतं. बोलताना ती बाईंच्या चपलांकडे बघत होती.

“रागावलात, बाई?”

“रागावलेय. तुझ्यावर नाही.” मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “तुझ्यावरही थोडी.”

सत्तावीस झाले. चाळीस हवे होते.

“त्या दिवशी बावन्न, आज सत्तावीस?” सोमवारी प्राचार्यांना कळेना. “मॅडम, वाढवायचे असतात हो, कमी नाही करायचे.” विषय बंद झाल्याची सूचना निघाली. त्याच दुपारी त्यांनी ललिताबाईंना पुन्हा बोलावलं. संवादकौशल्ये शिकवणारी मुलगी दुसरीकडे लागली होती. तास मोकळे होते. “त्यात काही नाही. स्लाईड्स तयार आहेत. तुम्ही फक्त वाचायच्या.”

हे ऐकून ललिताबाईंनी चष्मा इतका वेळ पुसला की प्राचार्यांनी विचारलं, “डोळ्यांना काही त्रास आहे का?”

घरी राधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “घे गो. विषय दुसऱ्याचो, पण तोंड तुझाच मा?”

पहिल्या तासाला वर्ग गच्च भरला होता. पडद्यावर पहिली स्लाईड आली. सूट घातलेला एक गोरा माणूस दुसऱ्या गोऱ्या माणसाशी हात मिळवत होता. ललिताबाईंनी प्रोजेक्टर बंद केला.

“हा विषय स्वतः कोणी निवडला?”

आधी पुढच्या बाकावरचे दोन हात वर गेले. ते बघून मागचे गेले. बघता बघता सगळा वर्ग हात वर करून बसला. ललिताबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांना गॅलरीतलं बाबांचं बाकडं आठवलं.

“खाली घ्या हात! एकेकाने उभं राहून सांगायचं. का घेतला?”

केस उभे केलेला एक मुलगा उठला. “मॅम, स्कोप आहे.”

“कोणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे बसलेत. तू उभा आहेस. तू काय म्हणतोस?”

तो नुसताच उभा राहिला. मग खिडकीजवळून दर्शना उठली. तिने बाकाची कड घट्ट धरली होती.

“बाई… मॅडम. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून घेतला. आणि तुमचा घेतला असता तर सगळे म्हणाले असते, बाईंसाठी घेतला. तसं नको होतं मला.”

ललिताबाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

“बसू नको. मागच्या बाकापर्यंत पोचलं नाही. पुन्हा सांग.”