मामांची उसनवारी

माझ्या यजमानांच्या मामांनी उसनी आणलेली एकही वस्तू कितीतरी वर्षं स्वतः परत नेऊन दिली नाही, आणि सोलापुरातलं आमचं मंडळ वाढलं ते नेमकं त्यामुळेच. मंडळ कॅथलिक प्रापंचिकांचं. घर-नोकरी सांभाळून आजाऱ्यांची विचारपूस करायची, रविवारी दुपारी मामांच्या चाळीतल्या खोलीत प्रार्थनेला जमायचं. १९७०च्या सुमारास आम्ही घरचेच पाच जण होतो.

मामा गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. "प्रार्थनेला या" असं कुणाला म्हणायला त्यांना संकोच वाटे. ते फक्त पातेलं, कात्री, असं काहीतरी उसनं मागत. वस्तूच्या मालकानं तगादा लावला की म्हणत, "कंबर लई दुखतीया. रविवारी या की चार वाजता, घेऊन जावा." माणूस येई तेव्हा पातेलं नेमकं चहासाठी चुलीवर असे. मग बसणं आलं. लग्नानंतर चर्चची पायरी न चढलेला एक शिंपी कात्री न्यायला आला आणि महिन्याभरात गायनाला पुढे बसू लागला. दवाखान्यातली नर्स छत्रीसाठी आली, ती पुढच्या रविवारी आजाऱ्यांची नावं घेऊनच. आणि गंमत म्हणजे, एकदा आलेला माणूस वस्तू तिथंच ठेवून जाई. जवळच्या कुंभारी गावच्या एका गृहस्थांची शिडी तर वर्षभर भिंतीला टेकून होती.

"शिडी कशाला हवी होती, मामा?" मी विचारलं.

"शिडी कुटं पायजे हुती? माणूस पायजे हुता."

वस्तू, मालक, तारीख अशी वही मी ठेवत असे. "लोक चोर म्हणतील," मी बजावलं. मामा म्हणाले, "म्हणू द्या की. म्हणायला तरी हितंच येतील."

पुढे फादरांना लांबच्या केम गावात नवं मंडळ सुरू करायला कुणीतरी हवं होतं. मामा उठून उभे राहिले. ते परत आले नाहीत तर इथली माणसं टिकतील का? "लई तर दोन म्हैने," ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं.

निघण्याआधीच्या शनिवारी भर उन्हात मामा खांद्यावर शिडी घेऊन कुंभारीच्या रस्त्याला लागलेले दिसले. मग कात्री, छत्री, पातेलं. प्रत्येकाच्या दारात स्वतः. संध्याकाळी माझ्याकडून उसना नेलेला स्टोव्ह घेऊन आले.

"सूनबाई, वहीत खोडा."

तेव्हा कळलं, की ते परत येणार नाहीत.

मी वही उघडलीच नाही. स्टोव्ह त्यांच्याच हातात ठेवला. "न्या केमला. कुठल्या तरी रविवारी येऊन घेऊन जाईन."

मामांनी स्टोव्ह नीट काखेत धरला. मग म्हणाले, "चा प्याया लागंल."

दुसऱ्या दिवशी चार वाजता शिंपी, नर्स, कुंभारीचे गृहस्थ, सगळे आले. न्यायला काहीच नव्हतं, तरी आले. केमला मी तीनदा गेले, चहा घेतला, स्टोव्ह तिथंच ठेवून परतले. आता मामा नाहीत. वहीतली स्टोव्हची ती एक ओळ मात्र मी अजून खोडलेली नाही.