अल्लीपूरपुढची टेकडी आणि मयूरचा आकडा

माझ्या लेकानं, मयूरनं, अल्लीपूरपुढच्या टेकडीवरच्या महादेवाला नारळ बोलला होता. नारळ राहिला आणि गेल्या वर्षी काविळीनं मयूरच गेला. म्हणून सोमवारी मी आणि माझी लेक रेणू त्याचीच खडकाळ रस्त्याची मोटरसायकल काढून नालवाडीहून निघालो.

अल्लीपूरपर्यंत डांबरी रस्ता आहे, तासाभरात पोचतो. भाकरी-ठेचा घरूनच न्या. पुढे मात्र सुकलेल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्या, मग टेकडीवर नुसती गिट्टी. पहिल्याच चढावर गाडीनं मला रेणूमागच्या सीटवरून हातभर उडवलं.

बैलगाडीवाले एक काका थांबले. "काऊन जी बाई, देवाले चालल्या का सर्कशीत?"

"देवालेच चाललो काका, पण गाडी ऐकून नाई राह्यली," रेणू म्हणाली.

ती खाली उतरली. "आई, दादानं शॉकअप हायवेसाठी कडक करून ठेवलं हाय. सैल करा लागते, नाई तं पडू आपण."

खड्ड्यांचे दणके झेलणाऱ्या पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर एक स्क्रू असतो; आवळला की गाडी कडक, सोडला की सैल. फिरवला की टिक् टिक् वाजतो. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मयूरनं तो स्वतःच्या अंदाजानं फिरवून ठेवला होता. त्याच्या हातची तेवढीच एक गोष्ट अजून जशीच्या तशी होती. मी नाही म्हणत होते.

"परत तसंच करू ना! दादानंच शिकवलं मले. आधी पूर्ण आवळायचं, किती टिक् झाले ते मोजायचं. तोच त्याचा आकडा. मंग पुन्हा पूर्ण आवळून तेवढेच टिक् सोडले का झालं. तू मोजजो, माह्या डोळ्यात पाणी येऊन राह्यलं."

कागद नव्हता. मी तुळशीची माळ काढली, एक टिक् वाजला की एक मणी. दोन-चार मणी सरले आणि बोटांना सवयीनं जप लागला. डोळे मिटले. स्क्रू केव्हाच थांबला होता, माझी माळ चालूच होती.

"किती झाले, आई?"

बोट भलत्याच मण्यावर होतं; आकडा हरवला होता.

रेणूनं स्क्रू पार सैल केला. गाडी गिट्टीवरून अलगद चढली. नारळ फोडला, पाणी गोड निघालं. दोघींनी मान खाली घालून खोबरं खाल्लं.

तुम्ही गेलात तर आकडा आधी कागदावर लिहा. माळेवर मोजू नका.

घरी आल्यावर रेणूनं पेचकस पुन्हा काढला. दारापुढच्या गतिरोधकावरून मला मागे बसवून नेऊ लागली. "दादाच्या मागं बसायची तवा असाच दणका बसे का?"

"अजून कडक."

दोन टिक् आवळून पुन्हा. मग पुन्हा. सातव्या फेरीला तिनं गाडी थांबवून डोळे पुसले. "आता?"

"हो गं, हाच. हाच आकडा त्याचा," मी म्हटलं. तिनं तो लगेच माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

तो दणका मयूरच्या वेळचा नव्हता. पाठीला माझ्या कळलं होतं. महादेवा, तेवढं एक खोटं तुझ्या पायाशी ठेवलं आहे.